चार बोटांची फट

किकवीच्या कुमार सुतारानं डीजेसाठी बनवलेल्या बेसच्या पेट्या काय चीज होत्या, ते ज्यांच्या दारावरून वरात गेली त्यांनाच विचारा. गाडी अजून वेशीबाहेर असायची आणि इकडं मांडणीवरची भांडी वाजायला लागायची. म्हातारी माणसं छातीवर हात ठेवून म्हणायची, "आली वाटतं फुलाई."

'फुलाई साउंड' हे गाडीचं नाव. फुलाबाई ही कुमारची आई. नाव आईचं, टेम्पो धाकट्या भावाचा, इंद्रजितचा, आणि पेट्या थोरल्याच्या हातच्या, असा सगळा घरचा कारभार. भोर म्हणा, नसरापूर म्हणा, पार वर वेल्ह्यापर्यंत, लग्नसराईत या गाडीला उसंत नसायची. कुमारची बायको संजीवनी लग्नानंतर चौथ्याच वर्षी गेली. मूलबाळ नाही. तेव्हापासून तो भावाच्याच घरात जेवायचा. भावजय रत्ना. तिनं बारा वर्षांत एकदाही "भावजी, जेवायला या" म्हणायचं चुकवलं नव्हतं. हे आधीच सांगून ठेवलेलं बरं, पुढं ते विसरून चालणार नाही.

आता त्या पेटीचं. लोकांना वाटतं, मोठा स्पीकर आणला, चार फळ्या ठोकल्या, झाली पेटी. हॅट्! तसं असतं तर गल्लीगल्लीत बेस वाजला असता. स्पीकरचा पडदा जेवढी हवा पुढं ढकलतो तेवढीच मागं, पेटीच्या पोटात ढकलतो. ती पोटातली हवा मोजूनमापून बाहेर सोडायला एक भोक ठेवावं लागतं. साउंडवाली पोरं त्याला पोर्ट म्हणतात, कुमार आपला भोकच म्हणायचा. भोक लहान झालं तर पेटी फुसफुसते, मोठं झालं तर आवाज ढिला पडतो, आणि ते कुठल्या बाजूला ठेवायचं यावर तर पोरं हमरीतुमरीवर येतात. बहुतेक जण पुढं ठेवतात, स्पीकरच्या खाली नाहीतर शेजारी. कुमारनं मागं ठेवलं.

का ठेवलं? हौस, दुसरं काय! पेटीच्या तोंडावर त्याला आईचं नाव कोरायचं होतं. सागाच्या पट्टीत अक्षरं, भोवतीनं वेल. त्याच्या बापानं देव्हारे केले, कपाटं केली, पण दर्शनी बाजूला कधी भोक पाडलं नाही. सुताराच्या पोरानं आईच्या नावाशेजारी भगदाड ठेवायचं म्हणजे काय! म्हणून भोक गेलं मागं.

मग पेट्या टेम्पोत चढवल्या. तोंडं नाचणाऱ्यांकडं, पाठी ड्रायव्हरच्या केबिनकडं. पहिल्या दिवशी केबिनला अगदी टेकवल्या तर बेस गुदमरला. हातभर लांब ओढल्या तर पातळ झाला. जरा पुढं, जरा मागं करता करता कुमारला ती जागा सापडली. केबिन आणि पेटी यांच्यात बरोबर चार बोटांची फट. भोकातली हवा केबिनच्या पत्र्यावर आपटायची आणि मग जो काही आवाज निघायचा, की ज्याचं नाव ते. सारोळ्याची, शिवऱ्याची पोरं टेप घेऊन मापं काढायला यायची आणि कुमार मिशीतल्या मिशीत हसायचा. दोन हंगाम त्याचे पाय जमिनीला लागले नाहीत.

फक्त एक होतं. केबिनच्या पाठीला एक लहान खिडकी असते. वायरी आत घ्यायच्या म्हणून तिची काच काढून टाकलेली. पेट्यांची भोकं बरोबर तिच्यासमोर यायची. आणि खिडकीच्या आत, वीतभरावर, गाडी चालवणाऱ्याचं डोकं.

गाडी इंद्रजित चालवायचा. एक एक वरात पाच-पाच, सहा-सहा तास, गोगलगायीच्या चालीनं. खाली उतरायची सोय नाही.

या इंद्रजितचे कान म्हणजे अख्ख्या किकवीत नावाजलेले. हायवेला कुणाची गाडी कुरकुरली की लोक आधी त्याला हाक मारायचे. तो बॉनेट उघडायचा नाही. डोळे मिटून नुसता उभा राहायचा आणि म्हणायचा, "पट्टा सैल हाय," नाहीतर, "बेअरिंग गेलं, फुडं नेऊ नका." मेकॅनिकनं उघडून बघावं तर तेच निघायचं. तोच इंद्रजित आज दोन वर्षं झाली, ठार बहिरा आहे. मशीन लावून बघितलं, त्यात नुसती खरखर येते म्हणून ते डब्यात पडलंय. टेम्पो विकून टाकला. फुलाईच्या पेट्या पडवीत ताडपत्रीखाली आहेत. तो थोरल्याच्या दुकानात बसून पॉलिश पेपर घासतो आणि पेट्यांना काळा रंग मारतो. पोरगी स्नेहल त्याच्या पाठीवर बोटानं अक्षरं काढून बोलते. दुकानात कुमार त्याच्याशी प्लायच्या तुकड्यांवर पेन्सिलीनं लिहून बोलतो. सगळ्या दुकानभर असले तुकडे पडलेले असतात. 'चहा?' 'उद्या रंग आण.' 'आई बोलावते.'

तर एक दिवस सकाळी दहाच्या सुमाराला शिवऱ्याचा पप्पू आला.

"कुमारदादा, चार पेट्या टाकायच्या. पर डिट्टो फुलाईवानी. भोक मागं आन चार बोटं फट," असं म्हणत त्यानं हातानं पाठीमागं दाखवलं आणि चार बोटं नाचवली.

"फुडं ठिवू भोक," कुमार म्हणाला. "मागलं आता कोण करत न्हाई."

"ह्या! फुडं तर समदीच ठिवत्यात. फुलाईच्या बेसवर नाचलोय आमी दादा, दुसरं काय गोडच लागत न्हाई."

"गाडी चालिवणार कोण?"

"भिमा. माझा मेव्हणा. लई गुणी माणूस. परवाच पोरगी झाली त्याला, पेढं घिऊनच येनार हुतो."

कुमारच्या हातातली पेन्सिल तिथंच थांबली. पप्पूचं लक्ष नव्हतं. त्यानं कोपऱ्यात बसलेल्या इंद्रजितला हात केला. इंद्रजित हसला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाला, "चा घे की रं!" पप्पूनं मान हलवली आणि मग कुमारकडं सरकून हळू आवाजात बोलला. हळू कशासाठी, ते त्यालाच ठाऊक.

"वाईट झालं बगा. घरी कानात त्याल वतलं म्हणं बायकूनं. आता बायांस्नी काय सांगावं!"

आणि कुमार काय म्हणाला? "हूं," म्हणाला.

एवढंच. पप्पू गेला, त्याची मोटारसायकल हायवेला लागली, तरी तो 'हूं' कुमारच्या घशात अडकून राहिला. गोष्ट शिवऱ्यापर्यंत गेली होती तर! उद्या सारोळ्यात जाईल, परवा वेल्ह्यात. इंद्रजितच्या बायकोनं तेल ओतून नवऱ्याचे कान घालवले.

तेलाची गोष्ट खोटी नव्हती. दोन वर्षांमागं वेल्ह्याकडची एक जत्रा वाजवून इंद्रजित परत आला तो कान धरूनच. कानात शिट्टी वाजतेय म्हणाला, डोकं फुटतंय म्हणाला. रत्नानं घाबऱ्या घाबऱ्या तेलात लसणाच्या दोन पाकळ्या कडवल्या, कोमट करून दोन्ही कानांत दोन-दोन थेंब सोडले, वरून कापूस लावला. तुमची-आमची आई जे करते तेच तिनं केलं. इंद्रजित झोपला. सकाळी उठला तर कोंबडा नाही, बायको नाही, हायवे नाही. काहीच नाही. "रत्ने, बोल की काय तरी," असं तो ओरडत होता आणि रत्ना बोलतच होती.

फुलाबाईनं तेव्हापासून सुनेला जे धरलंय ते आजतागायत सोडलेलं नाही. म्हातारी मुळात दुष्ट नव्हे. पण लेकाचं दुःख कुणावर तरी फेकल्याशिवाय तिला अन्न जात नव्हतं, आणि समोर रत्ना होती. रत्नाही उलटून बोलत नसे, कारण तिला स्वतःलाच ते पटलेलं. त्या दिवसापासून त्या घरात लसणाची फोडणी बसली नाही. आमटी झाली तर जिऱ्यावर, भाजी झाली तर नुसत्या मिठावर. कुणी काही विचारलं नाही आणि तिनं काही सांगितलं नाही.

कुमार हे सगळं रोज बघत होता, रोज तिच्याच हातचं खात होता, आणि त्याला खरं काय ते ठाऊक होतं.

हो, ठाऊक होतं. पहिल्याच हंगामात इंद्रजितनं एकदा सांगितलं होतं, "दादा, केबिनमदी लई दाब येतो रं. कानाला दडं बसत्यात." कुमार म्हणाला, "कापूस घाल की मग. पेटी वाजती का पिपाणी?" चार पोरं बसली होती, ती हसली. इंद्रजितही हसला. पुन्हा तो त्यावर बोलला नाही.

मग दुसऱ्या हंगामात सारोळ्याच्या एका वरातीत कुमार स्वतः केबिनमध्ये जाऊन बसला. उगीच, पाय दुखत होते म्हणून. नदीच्या पुलाकडून गाडी गावात वळत होती. मिक्सरवरच्या पोरानं बेस सोडला आणि मागच्या खिडकीतून असा धक्का आला की कुमारचा शर्ट पाठीवर फडफडला. दातांत कळ गेली. डोळ्यांना पाणी आलं. आवाज असा काही नव्हताच, कुणीतरी दोन्ही तळव्यांनी कान दाबून आत हवा भरतंय असं वाटत होतं. शेजारी इंद्रजित स्टेअरिंगवर हात ठेवून शांत बसलेला, पुढं नजर. कुमार पाच मिनिटांत उतरला. घरी गेल्यावरही तासभर त्याला नीट ऐकू येत नव्हतं.

त्या दिवशी काय ते कळलं. करायचं काय तेही कळलं होतं. मागचं भोक बुजवायचं, पुढं पाडायचं, एका दिवसाचं काम. पण पुढं पाडायचं म्हणजे आईच्या नावाची पट्टी काढायची. आणि ती चार बोटांची फट गेली की फुलाईचा बेस गेला, आणि मग कुमार सुताराला कोण विचारतंय? त्यानं मनाशी म्हटलं, एवढा हंगाम जाऊ दे. पुढच्या वर्षी बदलू. माणूस स्वतःशी असंच बोलतो, दुसऱ्याशी असं बोलायला त्याला लाज वाटते.

हंगाम संपायच्या आत ती वेल्ह्याची जत्रा आली.

याहूनही वाईट एक गोष्ट होती. ती कुमारनं कधी मनातल्या मनातसुद्धा पूर्ण उच्चारली नव्हती. कान गेले त्याच दिवशी इंद्रजितला घेऊन तो आणि रत्ना भोरला डॉक्टरकडं गेले. डॉक्टरनं कान बघितले, तेल बघितलं आणि रत्नावर डाफरला, "हे कुणी घालायला सांगितलं होतं?" ती मान खाली घालून बसली. मग त्यानं इंद्रजितला विचारलं, आणि त्याला ऐकू येईना म्हणून कुमारकडं वळला. "हा मोठ्या आवाजापाशी काम करतो का? डीजे, मशीन, असलं काही? तसं असेल तर नीट सांगा. आजच्या आज औषध सुरू केलं तर थोडंफार वाचेल."

कुमारनं डोळ्याच्या कोपऱ्यातून बाजूला बघितलं. शेजारी रत्ना. तिच्यासमोर सांगायचं, की माझ्याच पेट्यांनी हे केलंय?

"न्हाई," तो म्हणाला. "डायवर हाय तो."

डॉक्टरनं तेलावरचं औषध लिहून दिलं. कुमार वाटेत मनाशी म्हणाला, उद्या एकटा येऊन खरं ते सांगू. उद्याचा परवा झाला. आठ दिवसांनी गेला तेव्हा बाहेरच बाकावर तासभर बसला आणि तसाच एसटीनं परत आला.

आता हे ओझं घेऊन माणूस दोन वर्षं कसा जगतो? जगतो की! पेट्या करतो, चहा पितो, 'हूं' म्हणतो.

पप्पू येऊन गेला त्या दिवशी दुपारी कुमार पाणी प्यायला दुकानामागं घरात गेला. सोप्यात फुलाबाई शेंगा फोडत बसली होती, आणि इंद्रजित तिच्या पुढ्यातून तांब्या घेऊन परत दुकानाकडं निघालेला. लेकाची पाठ अजून दारातच होती तोवर म्हातारीनं तोंड सोडलं.

"बगा, कसं चाल्लंय लेकरू माजं! कसं हुतं आन काय करून ठिवलं हिनं! आगं, दुस्मनाच्या कानात बी कोण कडत्याल वतत न्हाई!"

आत चुलीपाशी रत्ना भाकरी थापत होती. थापण्याचा आवाज क्षणभर थांबला आणि पुन्हा सुरू झाला. आणि इंद्रजित, ज्याच्या पाठीमागं दोन हातांवर हे बोलणं झालं, तो तांब्या हलवत, तोंडानं काहीतरी पुटपुटत आरामात चालत गेला.

कुमारला पाणी गेलं नाही. त्यानं भांडं तसंच ठेवलं.

दुकानात येऊन त्यानं पप्पूच्या पेटीची फळी टेबलावर घेतली. अठरा इंची स्पीकरचं वर्तुळ आखलं आणि त्याच्याखाली, पुढच्याच बाजूला, भोकाची लांबट चौकट आखली. इंद्रजित पेपर घासता घासता बघत होता.

"फुडं?" तो मोठ्यानं म्हणाला. "पप्पू तर मागं दावत हुता."

कुमारनं मान वर केली नाही. हात आखणीवरच ठेवून तो बोलला. दोन वर्षं जे घशाखाली दाबलं होतं ते एकदम बाहेर आलं, आणि त्याचा त्यालाच आवाज ओळखू येईना. "मागल्या भोकानंच तुझं कान गेलं, इंद्रा. माझ्या पेट्यांनी गेलं. मला ठावं हुतं रं."

इंद्रजित फळीवरची धूळ फुंकत होता. ओठ हललेले त्याला दिसले असावेत.

"काय म्हणलास?"

घ्या! अंगातलं सगळं बळ गोळा करून एकदा बोललेलं, ते पुन्हा कसं बोलायचं?  कुमारनं प्लायचा एक हातभर तुकडा ओढला आणि कानावरची पेन्सिल घेतली. त्यानं लिहिलं, 'तुझे कान माझ्या पेट्यांनी गेले. मागचं भोक. मला माहीत होतं.'

इंद्रजितनं तुकडा हातात घेतला. ओठ हलवत वाचलं. मग तो मांडीवर ठेवला आणि पुन्हा पेपर घासायला लागला.

"ठावं हाय मला," तो म्हणाला.

कुमार फळीवरचा हात काढून त्याच्याकडं वळला.

"सारोळ्याला तू केबिनमदी बसला हुतास. उतरताना तुझं त्वांड बघितलं, तवाच कळलं, ह्याला आता समजलं म्हणून." त्यानं फळीवरनं हात फिरवला. "मला वाटलं, आता तू बदलशील."

कुमारनं त्याच्या मांडीवरून तुकडा घेऊन घाईघाईनं लिहिलं. 'मग बोलला का नाहीस?'

"एकदा बोललो हुतो की. दुसऱ्यांदा काय बोलायचं? तू लई हौसेनं केल्या हुत्यास."

कुमार तिथंच स्टुलावर बसला आणि रडला. चांगला हमसून रडला. खोटं कशाला बोला, त्याला त्या रडण्यात हलकंही वाटत होतं. इंद्रजित जवळ आला, भुश्यानं भरलेला हात त्याच्या खांद्यावर ठेवला.

"आता कुणापाशी बोलू नगंस. आईला सोसायचं न्हाई. आन तसं बी घरात कोण कुणाला दोस देतंय? झालं ते झालं."

कुमारचं रडं जागच्या जागी थांबलं.

याला माहीतच नव्हतं! दोन वर्षं त्याच्या डोक्यावरून, त्याच्या पाठीमागून, त्याच्या जेवणाच्या ताटावरून ते बोलणं जात होतं आणि त्याला त्याचा पत्ताही नव्हता. त्याच्या लेखी घरात सगळं गोडीगुलाबीनं चाललं होतं. आता कुमारनं नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. भावानं माफ केलंय, वर गप्प राहा म्हणून सांगितलंय, आणखी काय हवं? पण कानात पप्पूचं ते बोलणं आणि स्वतःचा तो 'हूं'. त्यानं तुकडा उलटा केला.

'आई रत्नाला दोष देते. रोज. तेलानं कान गेले म्हणते. गावातही तेच बोलतात.'

इंद्रजितनं वाचलं. पुन्हा वाचलं.

"कवापास्नं?"

कुमारनं दोन बोटं वर केली.

"दोन म्हईनं?"

कुमारनं नाही म्हणून मान हलवली.

"दोन वर्सं?" इंद्रजितचा आवाज एवढा चढला की बाहेर एसटीच्या थांब्यावर उभी असलेली माणसं वळून बघायला लागली. "आन ती रडताना दिसायची तवा म्या इचारायचो. तर ती चुलीकडं बोट करायची. धूर गेला म्हणायची."

तो उठला. तुकडा काखेत मारला, टेबलावरची पेन्सिलही घेतली, आणि तरातरा घराकडं निघाला. कुमार मागं.

सोप्यात उभं राहून इंद्रजितनं ते वाचलं. आधी एक बाजू, मग दुसरी. लहान पोर शाळेत वाचतं तसं, एक एक शब्द, खड्या आवाजात. 'तुझे कान. माझ्या पेट्यांनी गेले.' फुलाबाईच्या हातातल्या शेंगा सुपात पडल्या. ती लेकांकडं आळीपाळीनं बघत राहिली. वाचून झाल्यावर इंद्रजित आईला म्हणाला, "त्यालानं न्हाई गेलं, आई. पेटीनं गेलं. मला ठावं हुतं, दादाला बी ठावं हुतं. तू रत्नीला बोलतीस ते तेवढं मला ठावं न्हवतं. माझं कान गेलं म्हणून तुमी माझ्या म्होरंच तिला खाल्लंत व्हय गं?"

म्हातारीनं पदर तोंडाला लावला.

रत्ना आतून आली. दोन्ही हात पिठानं भरलेले. ती कुणावर ओरडेल, रडेल, असं कुमारला वाटलं होतं, आणि तिनं तसं करावं म्हणून तो देवाला विनवत होता. तिनं तसं काही केलं नाही. चौकटीला टेकून उभी राहिली आणि कुमारकडं बघत राहिली. काहीतरी जुनं आठवत असल्यासारखी तिची नजर बारीक झाली.

"भावजी," ती म्हणाली, "भोरला डाक्टरनं इचारलं हुतं. मोठ्या आवाजापाशी काम करतो का म्हणून. आजच्या आज औषध दिलं तर वाचंल म्हणाला हुता. तुमी म्हणालात, न्हाई, डायवर हाय. म्या शेजारीच हुते. मला वाटलं, तुमास्नी जास्त कळतं."

 हायवेवरनं एक कंटेनर गेला, त्याचा हॉर्न लांबपर्यंत ऐकू येत राहिला. चौघांपैकी तिघांना.

इंद्रजित एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडं बघत होता. "काय म्हणली ती?" त्यानं विचारलं. आईनं मान फिरवली. रत्ना तशीच उभी. मग त्यानं तो प्लायचा तुकडा आणि पेन्सिल कुमारच्या पुढं धरली. चेहरा अगदी मोकळा, मघाशी दुकानात होता तसाच.

"दादा, तू लिव. काय म्हणली?"

तुकड्यावर कोपऱ्यात थोडी जागा उरली होती. कुमार उंबऱ्यावर बसला, तुकडा गुडघ्यावर घेतला आणि लिहिलं. डॉक्टरनं विचारलेलं लिहिलं. वाचेल म्हणाला होता, ते लिहिलं. स्वतःचं उत्तर लिहिलं. अक्षर बारीक करत गेला तरी शेवटचा शब्द कडेला जेमतेम मावला. इंद्रजितनं तुकडा घेतला आणि उजेडाकडं धरला. बोट अक्षरांखालून सरकत गेलं, शेवटाला पोचलं आणि परत पहिल्या शब्दावर आलं.

मग तो बोलला. दोन वर्षांत पहिल्यांदाच हळू बोलला, इतकं हळू की फुलाबाईला ते ऐकूच गेलं नाही.

"हे मला ठावं न्हवतं, दादा."

त्यानं तुकडा उंबऱ्यावर पालथा ठेवला आणि रत्नाच्या मागोमाग आत गेला. थोड्या वेळानं ताटं मांडल्याचा आवाज आला, भाकरी मोडल्याचा आला. कुमार उंबऱ्यावर रत्नाच्या हाकेची वाट बघत बसून राहिला.